दोघांचं तेल

"आक्का, ही निळी बाटली घिऊन जा. पेट्रोलात पडली की आपली आपुन मिसळती. तुला काय करायलाच नगं."

"घरात पिंपभर त्याल पडलंय. तुझी बाटली न्हिऊन देवापुढं मांडू का?"

"पिंपातल्या तेलाला लोरिंत्सदादाचा हात लागायचा."

"हात गेला त्याचा. त्याल हाय तिथंच हाय. तू भर गुमान."

पंपावरच्या आम्ब्रुशनं मान हलवली नि नळी टाकीत सोडली. या गाडीची टाकी पुढं, बॉनेटखाली, इंजिनाच्या डोक्यावर. बोर्बाला एका हातानं बॉनेट धरून उभी होती. वारं असं होतं की डोक्याचा रुमाल दातात धरावा लागत होता.

"साधं घालू का भारीतलं?"

"साधं."

"साध्यात दारू आसती, आक्का. जुन्या गाडीची रबरं खाती ती. सरकारला मानसं पाजून भागलं न्हाई म्हून आता गाड्या पाजाय लागलंय."

"रबरं लोरिंत्सनं बदलल्यात. आन दारू उभ्या गाडीत पानी वढून घेती, पळत्या गाडीत तिला बूड टेकायला मिळत न्हाई. माझी गाडी रोज पळती. हे बी त्यानंच सांगितलंय."

"सगळं त्यानंच सांगितलंय," आम्ब्रुश म्हणाला, आणि निळी बाटली परत फळीवर ठेवली.

बोर्बालाची ही जुनी ट्राबांट मोटार गावातली शेवटची. बाकीच्यांच्या ट्राबांटांची कधीच कोंबड्यांची खुराडी झाली. कापूस आणि राळ दाबून केलेलं अंग, त्यामुळं गंजायला पत्राच नाही; पाण्याचं काम नाही, वाऱ्यावर थंड होणारं इंजिन; आणि वजन असं की दोन गड्यांनी उचलून बाजूला ठेवावी. गावात लोक तिला हसायचे, पण बोरोकाश गावाच्या बाहेर पडलं की सगळी वाळू. डांबरी सडक सोडली की अकाशियाच्या राईतनं नुसत्या चाकोऱ्या जातात आणि त्या चाकोऱ्यांच्या टोकाला एकेकटी वस्ती. त्या वस्त्यांवर म्हातारी माणसं उरलेली. कुणाची पोरं शहरात, कुणाची परमुलखात, कुणाला झालीच नाहीत. त्यांना दुपारचं जेवण गावच्या स्वैपाकघरातनं जायचं आणि ते पोचवायचं काम बोर्बालाकडं. मागची सीट काढून तिथं फळ्या ठोकलेल्या, फळ्यांवर एनॅमलचे तीन पुडांचे डबे घोंगड्यात गुंडाळून बसवलेले. जड गाडी त्या वाळूत पोटापर्यंत रुतते. ही हलकी पोर मात्र फुर्रफुर्र करत वरच्यावर निघून जायची.

स्वैपाकघराची व्हिल्मा हिवाळा लागताना म्हणाली होती, "बोर्बाला, पंचायतीत बोलनं चाललंय. तुझी गाडी यखाद्या दिशी बसली की येक व्हॅन लावनार."

"व्हॅन तेक्लाआज्जीच्या दारात जाईल का?"

"सडकंपातुर जाईल. म्होरं ज्येनं त्येनं यायचं न्यायला."

"तेक्लाआज्जीला दिसत न्हाई, व्हिल्मा. सडक कंची आन रान कंचं, तिला कोन सांगनार?"

"मला काय सांगतीस? म्या काय पंचायत हाय? तू गाडी चालती ठिव म्हंजे झालं."

तेव्हापासून गाडी चालती ठेवणं हे एकच बोर्बालाच्या डोक्यात होतं. आणि गाडी चालती ठेवणारा माणूस घरात खाटेवर पडला होता.

तिचा नवरा लोरिंत्स सहकारी शेतीच्या गॅरेजात ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. सहकारी शेती मोडली तेव्हा कुणी जमीन घेतली, कुणी गाई नेल्या, कुणी कुंपणाचं तार गुंडाळून नेलं. यानं तेलाचं एक पिंप घरंगळवत घरी आणलं. ते तेल जुन्या वळणाचं. दाट, काळपट, थंडीत मधासारखी तार धरणारं. असल्या गाड्यांना इंजिनात वेगळं तेल घालायची सोय नसते. पेट्रोलात कालवलेलं तेलच आत जाऊन सगळं ओलं ठेवतं. पेट्रोल आहे पण तेल नाही, असं झालं की लोखंडावर लोखंड घासतं आणि पिस्टन जागच्या जागी चिकटतो. जास्त झालं तर धूर आणि खोकला. तेहतीस भाग पेट्रोलाला एक भाग तेल, हा लोरिंत्सचा हिशेब. नव्या तेलाच्या बाटल्यांवर पन्नासाला एक लिहिलेलं असतं, ते वाचून तो थुंकायचा.

त्याची रीत ठरलेली. पेट्रोल पंपावर भरायचं, तेल घरी येऊन घालायचं, कारण पंपावरच्या तेलावर त्याचा विश्वास नव्हता. म्हणजे पेट्रोल आधी आत, तेल मागनं. असं मागनं घातलेलं तेल जड, ते तळाला जाऊन बसतं. म्हणून तो परसात उभा राहून हाक मारायचा, "बोर्बाला! ये!" मग ती हातातलं काम टाकून यायची. एका बाजूच्या मडगार्डावर तो, दुसऱ्या बाजूला ती. तो दाबायचा, सोडायचा; ती दाबायची, सोडायची. गाडी पाळण्यासारखी डोलायची आणि टाकीतलं पेट्रोल घळघळ हिंदकळायचं. शेजारी कुंपणावरनं ओरडायचे, "लगीन लागलं तवा तर नाचला न्हाईस रं तिच्यासंगं येवढा!" तो दाबतच राहायचा. झालं की हात तिच्या एप्रनला पुसायचा. ती दर वेळी त्याच्या हातावर चापट मारायची आणि दर वेळी त्याचे हात एप्रनलाच पुसले जायचे.

शरदात अक्रोड झोडताना तो झाडाखाली बसला तो उठलाच नाही. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. सगळ्या शब्दांतला एक शब्द तेवढा तोंडात राहिला, तो म्हणजे "आयला". भूक लागली तरी आयला, दुखलं तरी आयला. पाद्री बाबा प्रार्थना म्हणायला आले, त्यांनाही तेच ऐकावं लागलं. पाद्री म्हणाले, देवाला कळतं. बोर्बाला म्हणाली, मला बी कळतंय हळूहळू.

तेव्हापासून पेट्रोल भरणं, तेल घालणं, गाडी डोलवणं सगळं तिच्या एकटीवर आलं. तिनं नवऱ्याची रीत जशीच्या तशी उचलली. तेच पिंप, तेच माप, तेल मागनं. मग एका मडगार्डाशी उभी राहून ती गाडी दाबायची, पळत दुसऱ्या बाजूला जाऊन तिकडनं दाबायची. गाडी कण्हल्यासारखी थोडी हलायची. तिला वाटायचं, झालं काम.

गारठा वाढला तशी सकाळची कुरकुर सुरू झाली. गाडी चालू करताना खोकायची, मरायची, परत खोकायची. मागनं असा निळा धूर निघायचा की परसातली मांजरं कुंपणापलीकडं जायची. ठिणगीचे प्लग काढले तर तेलानं माखलेले. बोर्बाला ते पितळी ब्रशानं घासून परत बसवायची, जसं तिनं नवऱ्याला करताना बघितलं होतं.

खाटेवर पडलेला लोरिंत्स हे सगळं ऐकत होता. गाडी खोकली की तो डाव्या मुठीनं भिंत बडवायचा. "आयला! आयला!"

एका सकाळी ती दारातनं ओरडली, "कळतंय, कळतंय! त्याल लई व्हतंय म्हनतोस न्हवं? आजपास्नं कमी घालते."

त्यावर त्यानं भिंत आणखी जोरानं बडवली. पण स्वैपाकघरात सूप उकळून तयार असणार, व्हिल्मा घड्याळाकडं बघत असणार. ती निघून गेली.

त्या दिवसापासून तिनं माप कमी केलं. सकाळचा धूर थोडा कमी झाला. तिला बरं वाटलं.

जानेवारीतला दिवस होता. आदल्या दिवशी पडलेलं बर्फ वाळूत मिसळून, रात्रीच्या गारठ्यानं धरून, चाकोऱ्यांच्या कडा विटेसारख्या कडक झालेल्या. आदल्या संध्याकाळी तिनं टाकी भरली होती, सकाळी तेल ओतलं होतं. घेवड्याच्या सूपाचा दिवस. तेक्लाआज्जीची वस्ती आधी, कारण ती सगळ्यात लांब. मग बाकीच्या वाटेवरच्या. राईतला चढ आला तशी बोर्बालानं दुसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. इंजिनाचा आवाज बारीक व्हायला लागला. तार ओढावी तसा ताणत, बारीक होत गेला. तिला वाटलं वारं आहे. मग एक हिसका बसला, पुढची चाकं फरफटली, आणि सगळं गप्प.

किल्ली फिरवली. खट्. बस.

बॉनेट उघडलं तर आतनं अशी धग आली की हात लावता येईना. बोर्बाला चाकोरीत उभी राहिली. मागं डबे वाफाळत होते. सगळ्यांत वाईट विचार आधी आला: व्हॅन. सडकेच्या कडेला काठी टेकत उभी असलेली तेक्लाआज्जी तिला दिसली, पंचायतीतला माणूस काय बोलेल तेही ऐकू आलं. मग तिनं डोकं झटकलं, तेक्लाआज्जीचा डबा घोंगड्यात गुंडाळून काखेत मारला आणि चालायला लागली. वस्ती काही लांब नव्हती, पण वाळूत बूट रुतत होते.

तेक्ला चुलीपुढं बसलेली. दाराचा आवाज झाला तशी म्हणाली, "कोन?"

"मी, आज्जी. बोर्बाला."

"गाडी वाजली न्हाई. मला वाटलं मेलीस."

"मेले असते तर डबा घिऊन आले असते का?"

"आली असतीस. तुझा काय भरोसा." म्हातारीनं डबा उघडून वास घेतला. "गार न्हाई झालं. मग लांब न्हाई पडली गाडी. काय झालं तिला?"

"इंजान धरलं."

"लोरिंत्सला सांगितलंस?"

"लोरिंत्स खाटंवर हाय, आज्जी. तुला ठावं हाय."

"खाटंवर हाय, कबरीत न्हाई," तेक्ला म्हणाली आणि सूपात पाव मोडायला लागली. "बस घटकाभर. लाल झालीस ते न दिसता बी कळतंय. धापा टाकतीस."

बोर्बाला बसली नाही. परत गाडीशी आली. इंजिन निवायला वेळ लागणार होता आणि नुसतं उभं राहणं तिला कधी जमलं नाही. टाकीत किती उरलंय बघावं म्हणून तिनं मापाची काठी आत घातली, वर काढली. या गाडीला काटा नाही, काठीच असते. ओली काठी तिनं सवयीनं बोटांत धरून पुसली. वाऱ्यात बोटं क्षणात कोरडी झाली. चिकटपणा नाही, तुकतुकी नाही. नुसतं पेट्रोल. पाण्यासारखं.

तिनं परत बुडवली, परत पुसली. तेच.

आणि सकाळी? सकाळी तेल ओतल्यावर तिनं हीच काठी बुडवली होती, तेव्हा तळाचा भाग असा माखून आला होता की एप्रनला पुसावा लागला. सकाळी तेलच तेल. दुपारी तेलाचा पत्ता नाही. म्हणजे ते मिसळतच नव्हतं. गारठ्यानं दाट झालेलं तेल टाकीच्या बुडाशी बसत होतं, सकाळी इंजिन तेवढंच पीत होतं आणि खोकत होतं, आणि ते संपलं की उरलेली वाट कोरड्या पेट्रोलावर चालत होतं. आणि तिनं सकाळचा धूर बघून तेल आणखी कमी केलं.

तेलाचा छोटा कॅन गाडीत होता. थंडीनं त्याच्या तोंडाशी तेल गोठल्यासारखं थांबलं. तिनं तो कोटाच्या आत धरून ऊब दिली, मग ओतलं. आणि मडगार्डाशी उभी राहून दाबायला लागली. चाकं वाळूत, बर्फात रुतलेली. गाडी हलेना. ती पळत पलीकडं गेली, तिकडनं दाबलं. परत अलीकडं. परत पलीकडं. त्या राईत कुणी बघायला नव्हतं, नाहीतर म्हणालं असतं बाईला वेड लागलं. शेवटी ती मधे थांबली, दोन्ही हात पसरून बघितले. एका बाजूचा हात दुसऱ्या बाजूपर्यंत पोचत नाही. कुणाचाच पोचत नाही. इतकी साधी गोष्ट.

मग तिनं मागची एक अरुंद फळी उचकटली आणि टाकीच्या तोंडातनं आत घालून ढवळत बसली. लाकडाचा कीस पेट्रोलात पडला तर पडला.

इंजिन निवल्यावर किल्ली फिरवली. खट्. परत. खट्. मग एकदा आतनं काहीतरी सुटलं, कुरकुरत फिरलं, आणि लागलं. पण आवाजात एक खरखर होती, आधी नसलेली. आत कुठंतरी खरचटलं होतं आणि ते भरून येणारं नव्हतं. बोर्बालानं पाय हळू दाबला आणि राहिलेले डबे वाटायला निघाली. सगळ्यांना सूप गार मिळालं. एका म्हाताऱ्यानं तिच्यादेखत सूप परत चुलीवर ठेवलं, ते तिला लागलं.

गावात व्हिल्मा दारातच उभी होती. "फोन आलता दोन वस्त्यांवरनं. मी म्हनलं, वाटंत झाड पडलं. पुन्यांदा झाड पडू दिऊ नगंस, बोर्बाला. मला दुसरं झाड सापडायचं न्हाई."

बोर्बाला पंपावर गेली. आम्ब्रुश काही विचारायच्या आत म्हणाली, "ती निळी बाटली दे."

त्यानं दिली. एवढं शहाणपण त्याला होतं की तो हसला नाही. "डब्यात थोडं पेट्रोल घे, त्यात हे कालव, खळखळ हालव, आन मग टाकीत आधी ते वत. मागनं पेट्रोल. पन्नासाला येक."

"चाळिसाला येक. इंजान दुखावलंय."

"बरं. चाळिसाला येक."

संध्याकाळी तिनं लोरिंत्सला टेकवून बसवलं, गळ्यात फडकं बांधलं आणि उरलेलं घेवड्याचं सूप भरवायला घेतलं. दोन चमचे झाल्यावर म्हणाली, "आज इंजान धरलं."

"आयला!" सूप फडक्यावर सांडलं.

"सुटलं बी. पन खरखर ऱ्हायली." तिनं फडकं पुसलं. "तू भित आपटत व्हतास आन मी ऐकायला थांबले न्हाई. त्याल खालीच बसत व्हतं, लोरिंत्स. मिसळतच नव्हतं. मी येकटी हालवत व्हते, या बाजूनं येकदा, त्या बाजूनं येकदा. तसं हालतं व्हय कुठं."

त्यानं डोळे मिटले.

"येक सांगू? इतकी वर्सं मला वाटायचं तू उगंच बोलावतोस. गाडीला कसलं डोलवायचं, तेवढीच याची गंमत, म्हून मी बी यायची. खरं सांगते. मला वाटायचं नाटक हाय तुझं." तिनं चमचा वाडग्यात ठेवला. "ते खरंच लागायचं व्हय रं?"

तो हळू, जवळजवळ आवाज न करता म्हणाला, "आयला."

ती उठून ओसरीत गेली, निळी बाटली आणली नि त्याच्यापुढं धरली. लपवून ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं आणि गाडी परसात, त्याच्या कानाजवळ, लपलं नसतंच. "उद्यापास्नं हे घालनार. तुझं त्याल वाईट न्हाई. चांगलंच हाय. पन ते दोगांचं त्याल हाय. गाडीला आता मी येकटीच हाय."

त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट ओढलं, बाटली धरलेली बोटं नाकाशी नेली आणि वास घेतला. नव्या तेलाला गोडसर, साबणासारखा वास येतो. हात सोडून त्यानं तोंड भिंतीकडं केलं. भिंत बडवली नाही. बोर्बालाला वाटलं, बडवली असती तर बरं झालं असतं.

सकाळी परसात तिनं डब्यात पेट्रोल घेतलं, तेल कालवलं. पाण्यात शाई मिसळावी तसं ते लगेच एकजीव झालं. टाकीत ओतलं. पेट्रोल ओतलं. काठी बुडवून बोटांवर घासली. वरपासून खालपर्यंत सारखीच तुकतुकीत. मग सवयीनं तिचा हात मडगार्डावर गेला आणि तिनं तो काढून घेतला. गाडी पहिल्या किल्लीला लागली. धूर जेमतेम. खरखर होतीच.

आत येऊन तिनं शेगडीत लाकूड सारलं, चहा त्याच्या डाव्या हाताशी ठेवला. तो तसाच भिंतीकडं तोंड करून होता. जागा होता, पापणी हलत होती.

"धूर न्हाई आज. ऐकलंस का?"

काही नाही. तो एक शब्दही नाही.

"रूस. संध्याकाळपातुर रुसायला तुला मोकळीक हाय. मला डबे न्हेयाचेत." पांघरूण त्याच्या खांद्याखाली खोचून तिनं रुमाल बांधला आणि ती गेली.

स्वैपाकघरात खसखस घातलेल्या शेवयांचा दिवस होता. व्हिल्मानं डबे ओळीनं मांडून ठेवले होते. बोर्बालानं ते एकेक करून घोंगड्यात गुंडाळले, फळ्यांवर बसवले, पट्टा आवळला. एक फळी पेट्रोलाच्या वासाची होती, ती तिनं उलटी बसवली. रोज ती आधी तेक्लाआज्जीच्या वाटेला गाडी वळवायची, आज तिनं ती दुसऱ्या बाजूला वळवली. काल ज्यांना गार मिळालं होतं त्यांच्यापासून आज सुरुवात करायची होती.